अळिंबीची खोली आणि बुजवलेलं साणं



आमच्या ताडकळसच्या घरी मी अळिंबी लावतो, हे कळल्यापासून बरेच जण विचारतात, "सर, सोपं आहे का हो ते?" मी म्हणतो, सोपं आहे, फक्त खोलीतल्या हवेचं जमवावं लागतं. समोरचा मान डोलावतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "किलोला भाव काय मिळतो?" हवेबद्दल पुन्हा कोणी विचारत नाही. खरं सांगू का, सुरुवातीला मीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून आजचा पाठ त्या हवेवर. यात माझ्या दोन चुका आहेत. एक शिक्षक म्हणून केलेली, दुसरी मुलगा म्हणून. पहिली सांगायला फारसं काही वाटत नाही. दुसरी सांगताना अजून जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय हा पाठ पूर्ण होत नाही.

आधी थोडी माहिती. आमचा पूर्णा तालुका म्हणजे काळी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर. सोयाबीन मळून झालं की भुसकटाचे ढीग पडतात. काही जनावरं खातात, काही पावसात कुजतं, काही लोक पेटवूनही देतात. ते भुसकट धिंगरी अळिंबीला चालतं. धिंगरी म्हणजे ती शिंपल्याच्या आकाराची. दुकानात डबीत मिळते ती गोल, बटणासारखी अळिंबी वेगळी. तिला फळ धरताना 14 ते 18 अंश थंडावा लागतो, आणि परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44 च्या पुढं जातो. एसी लावून अळिंबी पिकवणं मास्तराच्या पगारात बसत नाही. धिंगरीला 20 ते 30 अंश चालतात, त्यामुळं दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडं ती साध्या खोलीत येते.

मी दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली. परभणीहून स्पॉन आणलं. स्पॉन म्हणजे अळिंबीचं बियाणं, ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. भुसकट रात्रभर भिजवलं, सकाळी 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं, निथळून गार केलं. (काही जण फॉर्मॅलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवतात. घरात लेकरं आहेत, आणि शाळेत दाखवायचं असेल तर ते नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी उकळायला सरपण लागतं, लागू द्या.) मग प्लॅस्टिकच्या पिशवीत भुसकटाचा एक थर, स्पॉनचा एक थर असं भरत गेलो. एका पिशवीत तीन किलो ओलं भुसकट, त्याला साठ-सत्तर ग्रॅम स्पॉन. वरून दोरी बांधली, टाचणीनं पंचवीस-तीस भोकं पाडली. अशा बारा पिशव्या.

आता खोली. आमचं मागचं घर जुनं, माळवदाचं आहे. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि वर मातीचा जाड थर, असं ते सपाट छत असतं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. अशा छतात वीतभर रुंदीचं एक भोक ठेवलेलं असतं. त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. उजेड आत यायला आणि चुलीचा धूर बाहेर जायला. पाऊस आला की वर जाऊन त्यावर झाकण ठेवायचं, हे काम लहानपणी माझ्याकडं होतं. मागच्या घरात दोन खोल्या. एकीत मी पिशव्या तुळईला टांगल्या. दुसरीत आई झोपते. मधल्या दाराला कवाडं नाहीत, नुसता पडदा.

पहिल्याच दिवशी मी पिशव्यांच्या खोलीतलं साणं पोत्याचा बोळा कोंबून बुजवलं. खिडकी बंद. दाराच्या फटीला चिंध्या. हिशेब असा, की अळिंबीला ओल लागते, ओल उडून जाऊ नये. आई दारातून बघत होती. म्हणाली, "साणं कामून बुजवलं रे? घरानं दम कुठून घ्यावा?"

मी म्हणालो, "आई, तुला नाही कळायचं ते. शास्त्र आहे त्यात."

आणि गंमत बघा, पहिले सोळा-सतरा दिवस माझं शास्त्र बरोबर ठरलं. या टप्प्यात बुरशी भुसकटात धावत असते, तिला कोंदट हवा खुशाल चालते. पिशवीच्या आत कार्बन डायऑक्साइड भरपूर साठला तरी तिचं बिघडत नाही. सगळ्या पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, हाताला घट्ट लागू लागल्या. मी शाळेत मोबाइलवर फोटो दाखवत हिंडलो.

मग प्लॅस्टिक फाडलं, दिवसातून तीनदा पाणी फवारायला लागलो. चार दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसले. आणि तिथून सगळं वाकडं गेलं. अंकुर वाढले, पण छत्री धरेना. दांडेच लांबत गेले. बोटभर लांब दांडा आणि टोकाला शर्टाच्या गुंडीएवढी टोपी. एका पिशवीवर तर पोवळ्यासारखा गुच्छ, टोप्या नाहीतच. मला वाटलं ओल कमी पडतेय. पाणी वाढवलं. दांडे पिवळे पडले, चिकट झाले, वास मारायला लागले. मग वाटलं थंडी बाधतेय. डिसेंबर लागला होता, आणि परभणीचा पारा राज्यात तळाला गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. म्हणून खोली आणखी आवळून बंद केली.

उत्तर वर्गात मिळालं. तेही मी दिलं नाही, मला मिळालं.

आठवीच्या विज्ञानात सजीवांच्या वर्गीकरणाचा पाठ आहे. व्हिटाकरनं 1969 साली मांडलेल्या पाच सृष्टी. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. मी तो इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवलाय की फळ्याकडं न बघता लिहितो. त्या दिवशी कवकांचं उदाहरण म्हणून घरचीच अळिंबी नेली होती, ती लांब मानेची. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे झाड नाही ना? मग हे कार्बन डायऑक्साइड घेतं का सोडतं?"

मी म्हणालो, "सोडतं. याच्यात हरितद्रव्य नाही. हे आपल्यासारखंच ऑक्सिजन घेतं आणि..." आणि तिथंच थांबलो. वाक्य माझ्याच तोंडातून निघालं आणि मलाच लागलं. बारा पिशव्या रात्रंदिवस श्वास सोडतायत, आणि मी त्या खोलीचं साणं बुजवून बसलोय! पुस्तकात कवक वेगळं आणि वनस्पती वेगळी, हे मी शिकवत होतो. घरी मात्र मी तिला पालकाच्या वाफ्यासारखं वागवत होतो. पाणी घाला, झाकून ठेवा, येईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात प्रयोग केला. तुम्हीही करून बघा, खर्च जवळजवळ नाही. पानात खातात तो चुना चमचाभर घेऊन लिटरभर पाण्यात ढवळायचा आणि रात्रभर ठेवायचा. वरचं नितळ पाणी हलक्या हातानं काढून घ्यायचं, ती चुन्याची निवळी. झाकणाच्या तीन बरण्या घ्यायच्या. एकीत बुरशी धरलेलं मूठभर भुसकट, दुसरीत नुसतं उकळून गार केलेलं भुसकट, तिसरी रिकामी. प्रत्येकीत निवळीची एक लहान वाटी अलगद ठेवून झाकण घट्ट लावायचं. चुना आहे, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि वाटी भरण्याचं काम स्वतः करा. आम्ही सकाळी बरण्या लावल्या. दुपारच्या सुट्टीनंतर पाहिलं तर पहिल्या बरणीतली निवळी दुधाळ, वर पांढरी साय धरलेली. बाकी दोन्हींत नावापुरता फरक. नंतर पोरांनी नळीनं फुंकर मारून दुसरी निवळी दुधाळ करून दाखवली. बुरशीचा श्वास आणि आपला श्वास चुन्याला सारखेच. ती मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे ते कोंडलेत."

आकड्यांत सांगायचं तर बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 420 च्या आसपास असतो. धिंगरीला छत्री उघडायची तर तो हजाराच्या आत लागतो. त्याच्या वर गेला की ती दांडा लांबवत राहते. भुसकटाच्या ढिगातून, लाकडाच्या ढोलीतून बाहेर मोकळ्या हवेत टोपी काढायची, हा तिचा स्वभाव. कोंदट आहे म्हणजे अजून बाहेर आलो नाही, असंच ती धरून चालते म्हणा ना. जपानात एनोकी नावाची अळिंबी पिकवतात, तिथं हेच मुद्दाम करतात. बाटलीच्या तोंडाला कागदाची गुंडाळी लावून आत कार्बन डायऑक्साइड साठू देतात, म्हणजे शेवयांसारखे लांब पांढरे दांडे आणि बारीक टोप्या मिळतात. तिथं त्याला पैसे पडतात. आमच्याकडं माझ्या एनोकीला घरातलंही कोणी हात लावेना.

घरी आल्याबरोबर मी साण्यातला बोळा काढला, खिडकी सताड उघडली, वर टेबलफॅन लावला. दोन दिवसांत नवे अंकुर तपकिरी होऊन वाळले. हिवाळ्यातला आपला वारा किती कोरडा असतो ते ओठांना विचारा. अळिंबी म्हणजे बहुतेक पाणीच, दहा भागांत नऊ. अंकुराला तर साल म्हणावी अशी काही नसतेच, त्याच्यावर सरळ वारा सोडला की खेळ खलास.

म्हणजे बंद केलं तर गुदमरतं आणि उघडलं तर वाळतं. हवेचं जमवणं म्हणजे एवढंच, पण हे कुठल्या माहितीपत्रकात एका ओळीच्या वर मी वाचलं नव्हतं. तिथं लिहिलेलं असतं, 'हवा खेळती ठेवावी.' कशी, ते कोण सांगणार?

मी जे केलं ते सांगतो, तुमच्या घराप्रमाणे बदल करा. पंखा बंद केला, कारण बंद खोलीत पंखा तीच हवा फिरवतो, बदलत नाही. हवा आत येण्याची वाट खाली ठेवली आणि बाहेर जाण्याची वर. दाराखालची चिंधी काढून तिथं चार बोटं फट ठेवली. फटीसमोर ओलं पोतं टांगलं, त्याचं खालचं टोक पाण्याच्या घमेल्यात. पोतं पाणी वर ओढत राहतं, आणि आत येणारी हवा त्यातून गार, ओली होऊन येते. वर साणं उघडं. त्याला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, नाहीतर बारीक माश्या येऊन भुसकटात अंडी घालतात. ती जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. पहिल्यांदा मी धुतली नाही, तर तिच्यावर पांढरट थर बसून साणं निम्मं बुजलं होतं. तो थर कसला, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुढं येईल ते.

हवा खरंच चालते का, हे बघायला उदबत्ती. धूर सरळ वर जाऊन छताखाली घुटमळत राहिला तर हवा मेलेली. दाराच्या फटीशी धरल्यावर तो आत वळला आणि साण्याकडं सरकला तर चालू. फार जोरात पळाला तर फट कमी करा. शाळेतल्या पोरांना हे इतकं आवडलं की आठवडाभर कोणी ना कोणी "सर, धूर बघायला येऊ का?" म्हणत घरी यायचं. त्यातल्या एकानं एक गोष्ट शोधली जी मला माहीत नव्हती. सकाळी धूर साण्यातून वर जायचा, पण दुपारी एखाद्या तापलेल्या दिवशी उलटा, दाराच्या फटीतून बाहेर. विचार केला तर बरोबर आहे. सकाळी आतली हवा उबदार असते, ती हलकी होऊन वर जाते. दुपारी बाहेर ऊन आणि माळवदाच्या आत गारवा, मग जड गार हवा खालून निसटते आणि वरून बाहेरची आत येते. अशा दिवशी ओलं पोतं नुसतं शोभेला. मग आम्ही दुपारी साण्यावर निम्मी फळी सरकवायला लागलो आणि फवारा एकदा जास्त.

पुढचा तोडा सुरेख आला. तळहाताएवढ्या टोप्या, आखूड दांडे, कडा खाली वळलेल्या. एका पिशवीला एक किलोच्या आसपास कोरडं भुसकट बसतं, त्यावर दोन-तीन तोड्यांत अर्धा ते पाऊण किलो अळिंबी मिळते. मी शेजारी वाटली, स्टाफरूममध्ये भाजी नेली. आणि मला हाव सुटली. आज तोडण्यापेक्षा उद्या तोडू, आणखी मोठी होईल. टोप्यांच्या कडा वर वळेपर्यंत मी थांबायला लागलो.

आता दुसरी चूक.

डिसेंबरच्या शेवटी आईला खोकला लागला. रात्री जास्त. वाटलं, थंडी आहे, वयही आहे. हळद-दूध, काढा, गावातली औषधं. खोकला हटेना, छातीत घरघर सुरू झाली. गार हवा लागू नये म्हणून मी तिच्या खोलीची खिडकी फक्त बोटभर उघडी ठेवली. पिशव्यांच्या खोलीचं साणंही रात्री फळीनं झाकायला लागलो, थंडी फार पडत होती म्हणून. बायको म्हणायची, "आत्याबाईंच्या पेटीवर रोज पिठूळ धूळ बसते, माळवदाची माती गळते वाटतं." माळवदातून माती गळणं आम्हाला नवीन नाही. मी म्हणालो, उन्हाळ्यात लिंपून घेऊ.

जानेवारीत एका पहाटे आईला श्वास पुरेना. उठून बसली, गुडघे धरून. तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. गाडी करून परभणीला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, वाफ दिली आणि मग विचारलं, "घरात नवीन काय आणलंय? कबुतरं, कोंबड्या, धान्य, रंग?" मी म्हणालो, "नाही, काही नाही." खरंच मला आठवलं नाही. बायको मागून म्हणाली, "अळिंबी."

डॉक्टर म्हणाले, "मग ती कुठं आहे आणि आई कुठं झोपतात?"

शिक्षक मित्रांनो, वाईट याचं वाटतं की मला हे माहीत होतं. अळिंबीच्या टोपीखालच्या पात्यांतून बीजाणू गळतात, पिठासारखे. मी स्वतः वर्गात टोपी काळ्या कागदावर उपडी ठेवून, वर वाटी झाकून, दुसऱ्या दिवशी मुलांना त्या पांढऱ्या रेघांचं चित्र दाखवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेच पीठ घरी आईच्या पेटीवर रोज बसत होतं, साण्याच्या जाळीवर बसत होतं, आणि तिच्या छातीत जात होतं. कडा वर वळेपर्यंत टोपी ठेवली की बीजाणू अमाप सुटतात. हे बीजाणू काहींना अजिबात बाधत नाहीत, तर काहींच्या फुप्फुसांना सूज आणतात. अळिंबीच्या मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना होणारा हा ओळखीचा आजार आहे, म्हणून तिथं तोंडाला मास्क बांधून तोडणी करतात. मी मास्क लावला नव्हता, आणि आईला तर पडद्यापलीकडं झोपवलं होतं.

दवाखान्यातून आलो त्या रात्री मी उदबत्ती लावली. इतके दिवस धूर बघितला होता तो दिवसा, साणं उघडं असताना. रात्री, साणं झाकल्यावर, कधी बघितलाच नव्हता. दाराच्या फटीशी धरली. धूर आत आला, पिशव्यांच्या मधून वर चढला, छताखाली थोडा पसरला आणि मधल्या दाराकडं वळला. पडद्याच्या वरच्या मोकळ्या जागेतून तो सरळ आईच्या खोलीत गेला. तिथं खिडकी बोटभर उघडी होती ना. हवेला बाहेर जायला तेवढीच वाट मी ठेवली होती, आणि त्या वाटेत आईची खाट.

त्याच रात्री पिशव्या अंगणात काढल्या. दोन दिवसांनी खोल्या ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या, झाडू न लावता, धूळ उडू नये म्हणून. आईला फवाऱ्याचं औषध दिलं होतं, ते चालू ठेवलं. खोकला कमी व्हायला तीन आठवडे लागले. मी तिला विचारलं, "इतके दिवस बोलली का नाहीस? सकाळी अंगणात बसल्यावर बरं वाटतं आणि खोलीत गेल्यावर वाढतं, हे तुला कळत नव्हतं का?" म्हणाली, "कळत होतं की. पण तुझं पीक पहिल्यांदा बरं आलं होतं."

यावर मी काय बोलणार होतो?

पालकांनो, म्हणून एवढं लक्षात ठेवा. हे मी सल्ला म्हणून देत नाही, माझ्या घरी झालंय म्हणून सांगतो. झोपण्याच्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या खोलीत पिशव्या टांगू नका. घरात दम्याचं माणूस, तान्हं बाळ, म्हातारं माणूस असेल तर घराबाहेरच. टोपीच्या कडा खाली वळलेल्या असतानाच तोडा, मोठी करायच्या नादी लागू नका. तोडताना नाकातोंडाला रुमाल नको, चांगला मास्क बांधा. आणि हवा आत कुठून येते हे बघताना ती बाहेर कुठं जाते तेही बघा, दिवसाही आणि रात्रीही.

आता पिशव्या गोठ्याशेजारच्या छपरात असतात. त्याच्या भिंती म्हणजे तुराट्यांचा कूड, न लिंपलेला. वर पाचट. आतून ओली पोती लावली आहेत. हवेचा वेगळा बंदोबस्त करावाच लागला नाही, तुराट्यांच्या फटीफटींतून ती येते आणि पोत्यातून गाळून ओली होते. जुन्या लोकांनी कांदा, कडबा ठेवायला असे कूड केले ते उगाच नाही. छत्र्या इथं खोलीतल्यापेक्षा चांगल्या येतात. फक्त फेब्रुवारीनंतर काही खरं नाही. ऊन चढलं की पोती तासाभरात वाळतात आणि मी गाशा गुंडाळतो.

वर्गाचंही थोडं सांगतो. ती उदबत्ती मी शाळेतही नेली. हिवाळ्यात आमच्या वर्गाच्या खिडक्या बंद असतात, पहिल्या बाकावरची पोरं कुडकुडतात म्हणून. दुपारनंतर निम्मा वर्ग जांभया देतो आणि मी म्हणायचो, रात्री टीव्ही बघत बसता. चाळीस लेकरं आणि एक मास्तर बंद खोलीत तासभर श्वास सोडत बसले तर तिथली हवा काय होत असेल, हे बुरशीच्या बरणीनंतर मला कुणी सांगायला नको होतं. धूर वर गेला आणि तिथंच तरंगत राहिला. मुलांनी वर पाहिलं. वरच्या दोन झरोक्यांना पुठ्ठे ठोकलेले होते. गेल्या पावसाळ्यात पाणी येतं म्हणून मीच ठोकून घेतले होते. एकाला खांद्यावर घेऊन आम्ही ते काढले. दाराजवळच्या दोघींना गार लागतं म्हणाल्या, त्यांना भिंतीकडच्या बाकावर बसवलं. आता जांभया बंद झाल्या असं मी म्हणणार नाही, गणिताच्या तासाला त्या असतातच. पण धूर झरोक्यातून जातो.

घरी मागच्या खोलीतलं साणं आता उघडं असतं, पावसाळा सोडून. आईनं अळिंबीची भाजी अजून खाल्लेली नाही, कुत्र्याच्या छत्र्या आपण खात नाही म्हणते. मात्र संध्याकाळी देवापाशी उदबत्ती लावली की ती थोडा वेळ धुराकडं बघत उभी राहते, आणि मी घरात असलो तर आतून हाक मारून सांगते, "आज वर चाललाय रे."